माग चालू असताना

“ताई, मागांवर चादरी टाकू का?” महादेव खारगेनं विचारलं.

“चादरी कशाला? थंडी वाजतेय का त्यांना?”

“तसं न्हवं. तेलकट दिसत्यात. सभापतीबाई येणार म्हटल्यावर...”

त्यानं विचारण्याआधीच दोन मागांवर चादरी टाकल्या होत्या. उरलेल्या दोन त्याच्या खांद्यावर होत्या. मी म्हटलं, टाका बापडे. बाई यायची वेळ होत आली होती, त्यात चादरींवरून कुठं वाद घाला? मांडववाल्याकडून तीन खुर्च्या आणल्या होत्या. माजघर आणि मागांची शेड यांच्यामध्ये गुडघाभर उंचीची एक फळी कायमची ठोकलेली असे, पोरीनं मागांकडं जाऊ नये म्हणून. तीसुद्धा धुऊन पुसून ठेवली होती. आणि पोरीला, म्हणजे पावणेदोन वर्षांच्या रेवाला, असला कडक झालरीचा फ्रॉक घातला होता की बिचारीचे हात खाली येत नव्हते. ती दोन्ही हात पसरून माझ्याकडं टकाटका बघत उभी होती.

“बोलेल ना हो आज?” तिची आई सुवर्णा माझ्या कानाशी लागली. “एखादा तरी शब्द?”

“बोलेल, बोलेल,” मी म्हटलं. मला स्वतःलाच खात्री नव्हती.

ही गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची. आमचं माळसांगवी हे यंत्रमागांचं गाव. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी असा खडखडाट, की शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडल्याशिवाय त्याला काही कळत नाही. त्या गावात नगरपालिकेनं मला बोलायला नोकरीवर ठेवलं होतं. थट्टा नाही. गृहभेट योजना म्हणत तिला. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल त्या घरी आठवड्यातून एकदा जायचं, आईबापाच्या शेजारी जमिनीवर बसायचं, आणि मुलाशी बोलावं कसं, खेळावं कसं हे त्यांच्याच वाट्याचमच्यांनिशी दाखवायचं. आम्ही सात जणी होतो. त्यांतली सगळ्यात बोलकी मी, हेमलता म्हेत्रे. आमचे हे म्हणायचे, “घरात फुकट चालतं ते हिनं पगारावर सुरू केलं.”

त्या वर्षी पालिकेत नव्या सभापती आल्या, महिला-बालकल्याण समितीच्या. पद्मावतीबाई चौगुले. साठीच्या, उंचापुऱ्या, तोंडानं फटकळ. अंदाजपत्रकाच्या बैठकीत आमच्या योजनेचं पान निघालं आणि बाई म्हणाल्या, “पोरांशी बोला म्हणून सांगायला पगारी बायका? उद्या श्वास घ्या म्हणून सांगायलाही ठेवा! आमच्या आयांना कोण गेलं होतं शिकवायला?” सगळी सभा हसली. मी मागं भिंतीशी उभी होते, मला रडू फुटायचंच बाकी होतं. आमच्या मुख्य अधिकाऱ्यांनी धीर करून म्हटलं, “एक घर बघा तरी, बाई. मग काय ते ठरवा.”

“बघते,” बाई म्हणाल्या, आणि थेट माझ्याकडं बोट केलं. “पण चांगलं घर नको. चांगलं घर कुणीही दाखवतं. जिथं तुझं काही चाललं नाही, ते दाखव.”

आता असं घर माझ्या यादीत एकच होतं. नऊ महिने मी खारग्यांच्या घरी जात होते, आणि नऊ महिने माझ्या नोंदवहीत एकच गोष्ट होती. त्या वहीत प्रत्येक मुलाच्या पानावर वर एक ओळ छापलेली असायची, ‘मुलाचा पहिला शब्द’. पुढं मोकळी जागा. बाकीच्या पानांवर आई, बाबा, दूध, भूभू, एका कार्ट्याच्या पानावर तर ‘बिडी’. रेवाच्या पानावर काही नाही. डॉक्टरांनी कान तपासले होते, कान ठणठणीत. पण शेजारपाजारच्या बायका सुवर्णाला येताजाता विचारत, “मुकी हाय का गं?” त्या प्रश्नानं ती निम्मी झाली होती.

माझ्याकडून मी काही कमी केलं नव्हतं. तिसऱ्या भेटीत बापलेकीला हातवारे करताना पाहिलं आणि तिथल्या तिथं ताकीद दिली, “खुणा बंद. खुणांनी काम भागलं की पोर बोलायचा आळस करते. तोंडानं बोला.” महादेवनं मान डोलावली होती. आणि भेटीची वेळही मी विचार करून धरली होती. बुधवारी आमच्या भागात अकरा ते दोन लोडशेडिंग. माग बंद, गल्ली शांत, माझा आवाज कसा खणखणीत ऐकू जायचा! सभापतीबाईंनाही मी बुधवारचीच साडेबाराची वेळ दिली होती. माझ्या मते यापेक्षा चांगला मुहूर्त नव्हता.

बरोबर साडेबाराला जीप वाजली. बाई आल्या, चपला दारात काढल्या, खुर्चीवर बसल्या.

“हं. चालू दे तुझं. मी नाहीये असं समजा.”

असं समजणार कसं? घर एवढंसं, बाई एवढ्या! मी चटईवर बसले, वाटी-चमचा पुढं ओढला आणि गोड आवाज काढला. “रेवा, ही काय? वाटी! वाटीत काय घालूया?”

रेवानं वाटीकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, आणि फ्रॉकची झालर तोंडात घातली.

“बाबा बोलतील आता,” मी म्हटलं. “बोला की हो पोरीशी.”

महादेव हाताची घडी घालून बसला होता, फोटोला बसल्यासारखा. “काय बोलू?”

“काहीही. रोज बोलता ते.”

तो घसा खाकरला, जरा पुढं सरकला आणि स्वतःच्या पोरीला म्हणाला, “नमस्कार.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सुवर्णानं पदर तोंडाला लावला, हसायला की रडायला तिचं तिलाच ठाऊक. सभापतीबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी चिमणी झाले, मांजर झाले, शेवटी घोडासुद्धा झाले. रेवानं एकदा फक्त माझ्याकडं बघून हात वर केला, चार बोटं आणि अंगठा, उघड-मीट, उघड-मीट.

“टाटा करते मला,” मी घाईघाईनं सांगितलं. “दर वेळी करते.”

“तू आहेस अजून, तरी टाटा?” बाई म्हणाल्या. “पोरगी शहाणी दिसते.”

आणि त्यांनी पायाखालची पिशवी उचलली. सात जणींच्या नोकऱ्या, अडीचशे घरं, सगळं त्या पिशवीबरोबर उचललं गेल्यासारखं मला वाटलं.

तेवढ्यात दिवे लागले.

तासभर आधी! असं कधी म्हणजे कधी व्हायचं नाही. आणि वीज आली म्हटल्यावर गल्ली कुणासाठी थांबते? पहिल्यांदा पलीकडच्या भंडाऱ्यांचे माग सुरू झाले, मग समोरचे, मग मागच्या अंगाचे. भिंती थरथरायला लागल्या. मी तोंड उघडून काहीतरी म्हणत होते, पण माझं मलाच ऐकू येईना. “बंद करायला सांगा हो त्यांना!” असं मी महादेवला ओरडून सांगितलं असेन.

महादेवनं काय करावं? अंगवळणी पडलेला माणूस. शेजारचे माग वाजले तसा तो ताडकन उठला, फळी ओलांडून शेडमध्ये गेला, भराभरा चादरी ओढून टाकल्या आणि चारही माग सुरू केले. मग त्याला आठवलं की घरात पाहुणी बसलीय. त्यानं वळून आमच्याकडं बघितलं तो चेहरा मी विसरणार नाही. दुधाची कढई कलंडल्यावर जसा होतो तसा.

पण रेवा! ती खुद्कन हसली. इतका वेळ झालर चघळत बसलेली पोर टुणकन उठली, फळीला जाऊन भिडली आणि दोन्ही हातांनी फळी बडवायला लागली. त्या गदारोळात बडवल्याचा आवाज कुठला येतोय? महादेव पाठमोरा, एका मागाची सुताची कांडी बदलत होता. पण क्षणभरानं त्यानं आपणहून मान वळवून पोरीकडं पाहिलं. तिनं दोन्ही हातांचं एकेक बोट एकमेकांना टेकवलं आणि फाटकन लांब नेलं. त्यानं भुवया उडवून पंजा उलटा केला. तिनं तिसऱ्या मागाकडं बोट दाखवलं. तिसरा माग थांबला होता. धागा तुटला की माग आपोआप थांबतो, पण बाकीच्यांच्या आवाजात थांबलेला कळत नाही. महादेवनं जाऊन तो जोडला, सुरू केला, आणि पोरीकडं बघून छातीवर हात ठेवला. शाब्बास. तिनंही आपल्या एवढ्याशा छातीवर हात ठेवला. मग तिनं फ्रॉकची कॉलर ओढून नाक मुरडलं. त्यानं हसून दोन बोटं नाचवली, जरा थांब. तिनं पाय आपटला. त्यानं कान धरले!

मी चटईवर अजून घोड्याच्याच आसनात होते. माझी अक्कल गुंग झाली.

सभापतीबाई उठल्या. मला वाटलं, निघाल्या. त्या निघाल्या नाहीत, फळीपाशी गेल्या. तिथून त्यांनी मागाच्या लाकडी चौकटीकडं बोट केलं. चौकटीवर खडूच्या रेघा होत्या, उभ्या, पाच-पाचच्या जुड्या करून, चारही मागांवर. मघापासून चादरींखाली झाकलेल्या. बाईंनी महादेवला हातानंच विचारलं, हे काय? महादेव लाजला. त्यानं पोरीकडं बोट केलं, मग स्वतःच्या डोळ्यांकडं, मग माझ्याकडं.

तेव्हा मला आठवलं. पहिल्याच भेटीत मीच त्याला म्हटलं होतं, कामाच्या नादात पोरीकडं बघतच नाही तुम्ही, दिवसातून वीस वेळा तरी तिच्याकडं बघा, ती काय करते ते बघा. बोलण्याच्या भरात बोलून गेले होते. हा माणूस खडूनं मोजत होता.

मग बाई रेवासमोर वाकल्या. पाचही बोटं जुळवून ओठांशी नेली आणि मनगट फिरवलं. रेवानं पोटावरून हात फिरवला. बाईंनी माझ्याकडं बोट करून पंजा उलटा केला. रेवानं माझ्याकडं पाहिलं आणि तेच आपलं, चार बोटं आणि अंगठा, उघड-मीट, उघड-मीट. सभापतीबाई फळीला धरून एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या की डोळ्यांना पदर लावला. महादेवनं तर तोंड फिरवलं, खांदे गदगदत होते त्याचे. ‘टाटा’मध्ये एवढं हसण्यासारखं काय, हे मला कळेना. पण विचारणार कसं?

बाईंनी मला खुणेनं बाहेर बोलावलं. गल्ली संपते तिथं जीप होती, तिथं माणसाचा आवाज माणसाला येत होता.

“मी खारग्यांसारख्याच घरातली,” त्या म्हणाल्या. “ह्याच पेठेत, तिसऱ्या गल्लीत. बाप माग चालवायचा. ‘जेवलीस का’ हे मी लग्न होईपर्यंत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बघितलं होतं. मोठ्या घरात पडले, माग लांब गेले, हात विसरून गेले होते बघ.” मग एकदम त्यांचा आवाज कोरडा झाला. “पण हेमाताई, हे तर माझंच म्हणणं खरं झालं. तुझ्यावाचून बोलतायत की ते! मग तू कशाला हवीस?”

खोटं बोलायचं असतं तर तेव्हा बोलता आलं असतं. हे आम्हीच शिकवलं, असं म्हटलं असतं तर योजना वाचली असती बहुतेक. पण ते छातीवर हात ठेवलेलं पोर माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

“बाई, त्याहून वाईट आहे,” मी म्हटलं. “मी त्यांना ह्या खुणा बंद करायला सांगितलं होतं. नऊ महिने. माग बंद असताना मुक्या घरात जाऊन बसायचे आणि पोर बोलत नाही म्हणून लिहायचे. चूक झाली माझी. योजनेची नाही, माझी.” आणि मग मात्र मला रडू आलंच.

बाई काही बोलणार, तोच मागून सुवर्णा आली. एका हातात कपबशी, दुसऱ्या हातानं कडेवरची रेवा सावरत. अर्धा चहा बशीत सांडलेला.

“चहा न घेता कशा जाता बाई?” ती धापा टाकत म्हणाली. आमची तोंडं बघून जरा थबकली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, एरवी वर मान न करणारी बाई घडाघडा बोलायला लागली. “ताईंना काय बोलू नका. मी शेतकऱ्याच्या घरची, मला ह्या खुणा खेळच वाटायच्या. पण आधी खेळ तरी कुठं होता? यांचं लक्ष मागावर, माझं चुलीवर. पोरगी फळीमागं बसून रडायची, कुणाला ऐकू यायचं? ताई आल्या, ‘बघा’ म्हणाल्या, तवापासनं हे बघायला लागले. बघायला लागले तशी ती हात हलवायला लागली. ताईंसमोर आम्ही हात बांधून बसतो, त्या चिडतात म्हणून. त्या गेल्या की सुरू!”

“म्हणजे नऊ महिने तुम्ही मला फसवत होता?” मी डोळे पुसत विचारलं.

“व्हय की,” सुवर्णा म्हणाली. “तुमचा मान राखायला.”

पद्मावतीबाईंनी सांडलेला बशीतला चहा आधी प्यायला, मग कपातला. कप परत दिला. जीपमध्ये बसताना म्हणाल्या, “पैसे धरते अंदाजपत्रकात. तीन वर्षांचे. पण माझी अट आहे. पेठेतल्या घरांत माग चालू असताना जायचं. बंद असताना गेलीस तर नोकरी गेली म्हणून समज.”

“पण बाई, चालू असताना माझं बोलणं कुणाला ऐकू येणार?”

“तेच,” त्या म्हणाल्या, आणि जीप निघाली.

बैठकीत त्यांनी आमचं पान मंजूर केलं ते कसं, हे मुख्य अधिकारी पुढं कित्येक वर्षं सांगायचे. कुणीतरी विचारलं, बाई, तुम्हीच तर विरोधात होता? त्यावर बाईंनी नुसता छातीवर हात ठेवला आणि खाली बसल्या. कुणालाच काही कळलं नाही, पण विरोध करायची छाती कुणाची?

पुढच्या बुधवारी मी दहा वाजता, माग धडधडत असताना खारग्यांच्या दारात उभी राहिले. काय करावं हे न समजणारी मी, बहुधा जन्मात पहिल्यांदा. रेवा फळीशी होती, साध्या झबल्यात. मला बघून तिचा चेहरा फुलला आणि हात वर गेला. चार बोटं आणि अंगठा. उघड-मीट, उघड-मीट.

मी टाटा केला.

सुवर्णाला हसू आवरेना. मी तिचा दंड धरला, कानाशी ओरडले, “आज सांगितल्याशिवाय सोडत नाही! काय म्हणते ही?”

ती माझ्या कानात ओरडली, “टाटा न्हवं ओ ताई! ते तुमचं नाव हाय! चोच! सारखी चालणारी!”

सभापतीबाई फळीला धरून का हसल्या, ते तेव्हा कळलं.

महादेव माग सोडून फळीशी आला होता. तो वाकून ओरडला, “राग मानू नका! बाकीच्या खुणा आमी शिकवल्या! ही तिची तिनं काढली! सगळ्यात पहिली!”

“कधी?”

“तुमी दुसऱ्यांदा आलात तवा!”

मी तिथंच फळीला टेकून बसले. पिशवीतून वही काढली, रेवाचं पान उघडलं. ‘मुलाचा पहिला शब्द’, पुढं नऊ महिने मोकळी ठेवलेली जागा. मी त्या जागेत स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘हेमाताई’.

मग वही मिटली, तोंडही मिटलं, आणि पोरीकडं बघून पाचही बोटं ओठांशी नेली. मनगट कसं फिरवायचं ते जमेना. तिनं माझा हात धरला आणि फिरवून दाखवला.